‘इम्युनिटी कमी आहे’ या निदानाविरुद्ध

शाळेत जाणारं मूल वरचेवर आजारी पडू लागलं की घरात, शेजारात, शाळेच्या फाटकाशी आणि पुष्कळदा दवाखान्यातही एकच निकाल ऐकू येतो : ‘ह्याची इम्युनिटीच कमी आहे.’ निकाल लागला की पुढचं सगळं ठरूनच जातं. टॉनिकची बाटली येते, दुधात घालायची पावडर येते. दही, केळं, पेरू बंद होतात. कानटोपी चढते, मैदान सुटतं, सहलीच्या यादीतून नाव कमी होतं. आईला चार जणी सुनावून जातात, की तुझं त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि हा निकाल रोज ऐकतो. माझं म्हणणं असं, की बहुसंख्य मुलांच्या बाबतीत तो खोटा आहे, उरलेल्यांच्या बाबतीत अपुरा आहे आणि दोन्हीकडे त्याने मुलाचं नुकसान होतं. जिथून चौकशी सुरू व्हायला हवी, नेमकी तिथेच तो ती थांबवतो.

वादाची आपली जुनी रीत अशी, की आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचा. तो मांडू. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणारी दोन मुलं घ्या. एकाला वर्षातून दोनदा सर्दी होते, दुसरं दर महिन्याला तापाने फणफणतं. हवा तीच, पाणी तेच, मग फरक मुलाच्या अंगातच असणार. शिवाय औषध चालू असेतो मूल बरं असतं, ते संपलं की दोन आठवड्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. टॉनिक सुरू केल्यावर वर्ष-दीड वर्षात मूल सुधारलं, हा अनुभव तर घरोघरी सापडतो. आणि सगळ्यात जोरकस मुद्दा आजी-आजोबांचा : आमच्या लहानपणी पोरं अशी उठसूट आजारी पडत नव्हती. यातलं एकही विधान मूर्खपणाचं नाही. सगळी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवर उभी आहेत. चूक पाहण्यात नाही, त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे.

आधी मोजदाद करू, कारण ‘वरचेवर’ म्हणजे किती हे कुणी विचारतच नाही. १९४८ ते १९५७ या काळात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात जॉन डिंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुटुंबं धरून घरातल्या प्रत्येक माणसाच्या सर्दी-तापाची, जुलाबाची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. पुढे मिशिगनमधल्या टेकम्सेह गावात आर्नल्ड मोंटो यांनी तशाच धर्तीचं काम केलं. अशा अभ्यासांतून बालरोगशास्त्राच्या पुस्तकांत स्थिरावलेला आकडा असा : शाळेआधीच्या वयात वर्षाला सहा ते आठ सर्दी-खोकले, आणि शंभरातल्या दहा-पंधरा मुलांना बारा किंवा त्याहूनही जास्त. पहिली-दुसरीत गेल्यावर हा आकडा हळूहळू उतरू लागतो. ही धडधाकट मुलांची गोष्ट आहे. सर्दी करणाऱ्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि एकाशी झालेली ओळख दुसऱ्याच्या वेळी फारशी उपयोगी पडत नाही. एकेका विषाणूला भेटून त्याची ओळख करून घेणं हेच त्या वयातल्या प्रतिकारसंस्थेचं काम आहे. त्या कामालाच आपण तिचा दुबळेपणा म्हणतो.

आता बाकावरच्या त्या दोन मुलांकडे येऊ. समजा, पहिलीच्या वर्गातल्या चाळीसही मुलांची प्रतिकारशक्ती तंतोतंत सारखी आहे आणि प्रत्येकाला वर्षाला सरासरी सहा आजारपणं यायची आहेत. तरी ती सगळ्यांना सहा-सहा अशी समान वाटून येणार नाहीत. निव्वळ योगायोगाचं गणित मांडलं, ज्याला संख्याशास्त्रात प्वासाँचं वितरण म्हणतात, तर या वर्गातल्या तीनेक मुलांना दहा किंवा अधिक आजारपणं येतील आणि दोन-तीन मुलांना दोन किंवा त्याहून कमी. म्हणजे कुणाच्याही अंगात तिळमात्र फरक नसताना वर्गात तीनेक ‘नाजूक’ आणि दोन-तीन ‘कणखर’ मुलं तयार होतील. प्रत्यक्षात तर फरक पुष्कळ असतात : घरात धाकटं भावंड आहे का, रिक्षात किती मुलं कोंबलेली असतात, झोपायच्या खोलीला खिडकी आहे का. पण हे सारे मुलाच्या शक्तीबाहेरचे फरक झाले.

औषध संपलं की पुन्हा आजार, या अनुभवाचाही उलगडा आकड्यांतच आहे. मुलांचा साधा खोकला किती दिवस टिकतो, यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांचा खोकला दहा दिवसांत थांबतो, पण नव्वद टक्के मुलांचा थांबायला पंचवीस दिवस लागतात. पालकांना वाटतं खोकला आठवड्यात जावा. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी दवाखाना गाठला जातो, तीन किंवा पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळतं आणि आजार आपल्या गतीने उताराला लागतो. श्रेय मात्र औषधाच्या खात्यावर जमा होतं. वर्षाला सात-आठ सर्द्या, प्रत्येकीची दोन-तीन आठवड्यांची शेपूट, आणि त्यातल्या बहुतेक जून ते फेब्रुवारीच्या दरम्यान. असं मूल शाळेच्या वर्षात जवळजवळ निम्मा काळ खोकतानाच दिसणार. आजार ‘उलटला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा पुढचा, वेगळा आजार सुरू झालेला असतो.

विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हे आता वादापलीकडचं आहे. तरी ते दिलं जातं, कारण ‘शक्ती कमी असलेल्या’ मुलाला नुसतं घरी पाठवायला डॉक्टरही कचरतो आणि पालकही. खोकल्याच्या बाटल्यांचं तर विचारूच नका. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायला सांगितलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यातली कित्येक शेवटच्या उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. ज्या साध्या खोकल्यासाठी ही बाटली फोडली गेली, तो आपण होऊन गेला असता. या वाक्यापुढे मला काही लिहवत नाही.

‘आमच्या लहानपणी असं नव्हतं’ याला उत्तर देताना आवाज खाली आणावा लागतो. १९७१ मध्ये भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. आज तो आकडा पंचविसाच्या आसपास आला आहे. लहानपणाच्या आठवणी सांगायला उरली ती जगलेली मुलं. जी गेली त्यांची आजारपणं कुणाच्या आठवणीत मोजली जात नाहीत. दुसरं असं, की चार-पाच भावंडांच्या घरात मोठ्यांनी आणलेले विषाणू धाकट्याला पाळण्यातच भेटत. शाळेत जायचं ते सहाव्या वर्षी, तोवर बरीचशी ओळखपरेड उरकलेली असे. आज एकुलतं मूल अडीचाव्या वर्षी प्लेग्रुपला जातं आणि तिथे पहिल्यांदा वीस नाकांच्या सहवासात येतं. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात १९८० पासून मुलांच्या श्वसनविकारांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात याची पडताळणी सापडते. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्द्या जास्त झाल्या, पण सहा ते अकरा या शाळेच्या वयात घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी झाल्या. तेराव्या वर्षापर्यंत फरक मावळला. म्हणजे वाट्याला येणारी आजारपणं आज नाही तर उद्या भेटतातच, फक्त वेळ बदलते. कोविडनंतर २०२२ मध्ये बालवाडी न पाहताच पहिलीत बसलेली मुलं एकामागून एक आजारी पडू लागली तेव्हा पालक हवालदिल झाले होते. तेही याच नियमाला धरून होतं.

टॉनिकने गुण आला, याचंही हेच. सात-आठ वर्षांच्या पुढे सर्द्या आपोआप कमी होतात. सहाव्या वर्षी जे काही सुरू केलं असेल, मग ते टॉनिक असो, गोळ्या असोत, पुष्य नक्षत्रावरचं सुवर्णप्राशन असो वा ताईत असो, त्याला यश येणारच.

एकच सरसकट शंका मनात धरून मुलं तपासली की काय होतं, याचा एक जुना दाखला बालरोगशास्त्राच्या इतिहासात आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतल्या अकरा वर्षांच्या एक हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या सहाशेहून अधिक मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाच्या घशात दोष असणारच, हे त्या काळाचं मत होतं. उरलेली ३८९ मुलं शाळेच्या डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांनी १७४ जणांचे टॉन्सिल काढायला सांगितले. ज्यांना ‘गरज नाही’ म्हटलं, ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, तर त्यांनी त्यातली ९९ निवडली. पुन्हा उरलेली तिसऱ्या डॉक्टरांकडे गेली, आणि पुन्हा जवळजवळ निम्म्यांवर शस्त्रक्रियेचा शिक्का बसला. शेवटी ज्यांचे टॉन्सिल काढावेत असं कुणीच म्हटलं नाही अशी मुलं हजारांत ६५ उरली. मुलांचे घसे दर फेरीत बदलत नव्हते. तपासणारे हात मात्र दर फेरीत समोरच्यांपैकी साधारण निम्मी मुलं दोषी ठरवायला तयारच होते. टॉन्सिलची शस्त्रक्रिया कधी खरोखर लागते, याचे निकष पुढे पिट्सबर्गच्या जॅक पॅरडाइज यांच्या १९८४ च्या अभ्यासाने घालून दिले : वर्षात घशाचे सात जोरदार आजार, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन. आज टॉन्सिलची जागा इम्युनिटीने घेतली आहे, आणि तिच्यासाठी असा कुठलाही आकडा कुणी मागत नाही.

इथे एक रास्त शंका निघते. प्रतिकारसंस्थेचे खरे दोष असतातच ना? असतात. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टराने आठ वर्षांच्या एका मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. त्याच्या रक्तात न्यूमोकॉकसचे जंतू पुन्हा पुन्हा भिनत होते, आणि तपासलं तर गॅमा ग्लोब्युलिन हा रक्तघटक जवळजवळ नव्हताच. तो बाहेरून टोचायला सुरुवात केली तेव्हा ते मूल सावरलं. जन्मजात प्रतिकारदोषांच्या शास्त्राची ती सुरुवात. आज असे शेकडो दोष माहीत आहेत आणि मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत त्यांच्या तपासण्या होतात. पण अशा मुलाचं चित्र आपल्या खोकणाऱ्या मुलापेक्षा निराळं असतं. वर्षात दोनदा न्यूमोनिया, यकृतात किंवा कातडीखाली खोलवर पुन्हा पुन्हा होणारे गळू, तोंडातली न हटणारी बुरशी, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊनही उतार नसणं, वजन न वाढणं, घरात आधी एखादं भावंड असंच गेलेलं असणं. यातलं काही दिसलं तर एक दिवसही न दवडता तपासणी व्हायला हवी. आणि दोष सापडला तर उपाय इम्युनोग्लोब्युलिनचा असतो, कधी अस्थिमज्जा रोपणाचा असतो. दुकानातल्या पावडरीत त्याचा उपाय नाही. म्हणजे ज्या मुलाच्या बाबतीत ‘इम्युनिटी कमी’ हे शब्दशः खरं आहे, त्याचाही या रूढ निदानाने घात होतो. त्याला टॉनिकवर बसवून ठेवलं जातं.

वारंवार आजारी म्हणून तज्ज्ञांकडे पाठवलेल्या मुलांची एक ढोबळ वाटणी रिचर्ड स्टीहम यांच्या बालप्रतिकारशास्त्राच्या ग्रंथातून रूढ झाली : निम्मी मुलं निरोगी, तीस टक्के ॲलर्जीची, दहा टक्के दुसऱ्या एखाद्या जुनाट आजाराची आणि दहा टक्के प्रतिकारसंस्थेत खरा दोष असलेली. ही तज्ज्ञांपर्यंत पोचलेल्या मुलांची वाटणी आहे. गल्लीतल्या दवाखान्यात शेवटचा गट यापेक्षा कितीतरी लहान असतो. माझा जीव अडकतो तो दुसऱ्या गटात, त्या तीस टक्क्यांत.

गेल्या पावसाळ्यात तिसरीतली एक मुलगी आईबरोबर आणि आजीबरोबर आली. आईच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती, कागद तारखेप्रमाणे लावलेले. जवळजवळ प्रत्येक कागदावर एक अँटिबायोटिक, एक खोकल्याचं औषध, एक टॉनिक. मधल्या एका कागदावर ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेलं. मूल अंगी लागत नाही आणि खोकला जात नाही, एवढ्यावर क्षयाची ही शंका काढायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पुराव्याशिवाय सहा महिने क्षयाची औषधं घेतलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि खऱ्या क्षयाकडे दुर्लक्ष झालेलीही. या जाड फाइलमध्ये एकाही कागदावर ही मुलगी खोकते कधी, हे लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, ‘रात्री. दोन-अडीचला उठून बसते. आणि खो-खो खेळून आली की.’ सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते. घराच्या उत्तरेच्या भिंतीला ओल आहे. वडिलांना लहानपणी ‘बाळदमा’ होता. मुलीला एका गमतीवर हसू आलं आणि हसता हसता ती खोकू लागली. निदान तिथेच समोर बसलं होतं.

हा दमा. जंतूंशी लढायची शक्ती कमी असल्यामुळे तो होत नाही. धूळ, बुरशी, थंड हवा, साधी सर्दी अशा गोष्टींना प्रतिकारसंस्था गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देते, श्वासनलिकांना आतून सूज येते, म्हणून तो होतो. माझ्या साऱ्या खंडनाचा कणा हाच आहे. जिथे प्रतिसाद मुळातच जास्त आहे तिथे ‘शक्ती वाढवा’ हा सल्ला रोगाच्या उलट दिशेचा आहे. दम्यावर जे औषध काम करतं, ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड ही सूज शांत करतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत छातीत घरघर असणाऱ्या दर दहा जणांपैकी आठ जणांच्या आजाराला कुणी दमा म्हटलेलंच नव्हतं, आणि रोज श्वासातून औषध घेणारे शंभरात दोन-तीन निघाले. बाकीच्यांना काय म्हटलं गेलं असेल? छाती भरली, व्हायरल आहे, हवा बदलली, इम्युनिटी कमी आहे.

श्वासातून औषध घ्यायच्या पंपाचं नाव काढताच आजी म्हणाल्या, ‘पंप नको हो डॉक्टर. एकदा लागला की सवय लागते. आणि मुलीची जात, उद्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील.’ ही भीती महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहून ती जात नाही. मी त्यांच्यापुढे हिशेब ठेवला. आजी, साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या सिरपच्या एका चमच्यात दोन मिलिग्रॅम, म्हणजे वीस पट. सिरप पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. पंपातलं थेट जिथे सूज आहे तिथे जातं. आपण इतकी वर्षं मोठा डोस दिला आणि लहान डोसला घाबरलो. त्यांना हेही सांगितलं, की हा पंप जन्माला आला तोच शाळकरी मुलीपायी. अमेरिकेतल्या रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने १९५५ मध्ये वडिलांना विचारलं होतं, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं दम्याचं औषध का मिळत नाही. पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. लग्नाच्या बाबतीत माझ्याजवळ आकडा नव्हता. एवढंच म्हणालो, की जी मुलगी रात्री झोपेल आणि दिवसा खो-खो खेळेल, तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

काहींचं म्हणणं असतं, की हे सगळं पाश्चात्त्य शास्त्र. आपल्या परंपरेत बळ वाढवण्यालाच महत्त्व आहे. परंपरा उघडून पाहावी. चरकाने सूत्रस्थानात बळाचे तीन प्रकार सांगितले आहेत : सहज म्हणजे जन्माबरोबर येणारं, कालज म्हणजे वयाने आणि ऋतूने ठरणारं, आणि युक्तिकृत म्हणजे आहारविहारातून कमावलेलं. सहा वर्षांच्या मुलाचं बळ सहा वर्षांचंच असणार, हे त्या दुसऱ्या प्रकारात आलं. काश्यपसंहिता तर खास बालकांवरचा ग्रंथ. सुवर्णप्राशनाची जाहिरात करणारे तिच्यातल्या लेहाध्यायाचा हवाला देतात. त्याच ग्रंथात वेदनाध्याय आहे, त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही. बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणं खुणांवरून कसं ओळखायचं, याचा तो अध्याय. डोकं दुखत असेल तर बाळ ते हलवतं आणि डोळे मिटून घेतं, कान दुखत असेल तर हातांनी कानाला स्पर्श करतं, असं एकेका अवयवाचं, एकेका आजाराचं वेगळं लक्षण तिथे नोंदलं आहे. त्या वैद्याने मुलाकडे बघत बसून जे कष्ट घेतले, ते आपण ‘शक्ती कमी’ म्हणून टाळतो. परंपरेचा मान राखायचा तर या निरीक्षणाचा राखावा.

काही कमी असतंच, अशा घरांबद्दल आता बोलायला हवं. तिथे ‘कमी’ म्हणजे अन्न, रक्त, हवा आणि जागा. आहार कमी पडला की संसर्ग वाढतात आणि संसर्गाने आहार आणखी कमी पडतो, हे दुष्टचक्र स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात मांडलं. २०१६ ते २०१८ या काळातल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या दर चार मुलांपैकी जवळजवळ एकाला रक्तक्षय आढळला. त्याला लोह हवं, जंताचं औषध हवं, डाळ-अंडं हवं. म्हणून केळं आणि दही ‘थंड’ म्हणून बंद करणाऱ्या पथ्याचा मला राग येतो. ज्या मुलाच्या पानात आधीच कमी आहे त्याच्याच पानातून ते उचललं जातं. राज्यातल्या शाळांच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं आलं होतं. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला. मुलांच्या प्रतिकारशक्तीची खरोखर काळजी असलेल्यांनी त्या दिवशी रस्त्यावर यायला हवं होतं.

धुराचंही तसंच. एक मच्छर कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते तेवढे पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटी जळताना सुटतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत दिसलं. ती कॉइल आपण दारं-खिडक्या लावून रात्रभर मुलाच्या उशापाशी ठेवतो आणि सकाळी त्याला च्यवनप्राश देतो. मच्छरदाणी लावावी. घरातल्या विडी-सिगारेटबद्दल वेगळं सांगायला नको.

या निदानाचं आणखी एक नुकसान आहे, ते औषधाच्या बिलात दिसत नाही. मॉरिस ग्रीन आणि अल्बर्ट सॉल्निट या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९६४ मध्ये अशा मुलांबद्दल लिहिलं, ज्यांच्या जिवाची आशा कधीतरी घरच्यांनी सोडली होती आणि जी नंतर पूर्ण बरी झाली होती. मूल बरं होऊनही घरच्यांच्या लेखी ते नाजूकच राहिलं. मग त्याला आईपासून दूर राहवेना, शरीराची सारखी धास्ती वाटू लागली आणि अभ्यासात ते आपल्या कुवतीपेक्षा मागे पडलं. आपल्याकडे एवढ्या मोठ्या आजाराचीही गरज लागत नाही. ‘हा आमचा नाजूक’ ही ओळख पाहुण्यांसमोर रोज करून दिली, की मूल ती घेऊन वाढतं. पी.टी.च्या तासाला ते न सांगताच बाजूला जाऊन बसतं.

मग घरच्यांनी करायचं काय? भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद ठेवावी : ताप किती आणि किती दिवस, खोकला रात्री की दिवसा, पळल्यावर की पडल्यावर, घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का, कान फुटतो का, आणि दर तीन महिन्यांनी वजन-उंची. नाकामागचं ॲडिनॉइड वाढलेल्या मुलाचं घोरणं, दम्याचा रात्रीचा खोकला आणि साध्या सर्द्यांची रांग यांच्यातला फरक अशा दोन-तीन महिन्यांच्या नोंदीवरून जितका कळतो तितका महागड्या रक्ततपासणीतूनही कळत नाही. डॉक्टरला विचारावं, की या आजाराचं नाव काय, आणि अँटिबायोटिक कशासाठी. कधीकधी ते खरंच लागतं. स्ट्रेप्टोकॉकसने घसा सुजला असेल तर ते पूर्ण द्यावंच लागतं, कारण त्यातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात आणि आपल्या देशात तो आजार अजून गेलेला नाही. दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप टिकला आणि वजन घटलं तर क्षयाची रीतसर तपासणी करून घ्यावी. ताप उतरून चोवीस तास झाले असतील, मूल खात-खेळत असेल, तर नुसत्या वाहत्या नाकासाठी त्याला घरी ठेवू नये. आणि घरी ठेवायची वेळ आलीच तर दर वेळी आईनेच रजा टाकायची, हा नियम कुठेही लिहिलेला नाही.

शाळांचा वाटा मोठा आहे. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तापलेल्या मुलाला वर्गात आणून बसवतं आणि त्याच्याबरोबर बाकावरच्या आणखी तिघांना आजारी पाडतं. तीन दिवसांनी परतलेल्या मुलाला मागच्या सगळ्या वह्या रात्रीत उतरवायला लावणं ही शिक्षाच आहे. काय शिकवलं ते बाईंनी सांगावं, वही शेजारच्याने द्यावी, उतरवणं अर्ध्यावर सोडलं तरी चालतं. दम्याच्या मुलाचा पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवून चालत नाही. तो दप्तरात हवा आणि धाप लागली तर काय करायचं ते वर्गशिक्षकांना माहीत हवं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमध्येच सुरू झाला. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हायची असते. तिच्या यादीत रक्तक्षय, कानाचा दाह, श्वासनलिकांचा दमा, हृदयाचा संधिवात, किडलेले दात अशी एकेका आजाराची नेमकी नावं आहेत. पथक शाळेत येतं त्या दिवशी ‘वरचेवर आजारी’ मुलाला घरी ठेवू नये. त्या दिवशी त्याला कॅलेंडरवरच्या नोंदीसह पाठवावं आणि चिठ्ठीवर काय लिहून आलं ते वाचावं. विनाअनुदानित शाळांपर्यंत हे पथक पोचत नाही. तिथल्या पालकांनी जूनमधल्या पहिल्याच सभेत अशी तपासणी शाळेकडे मागावी. गणवेश आणि बसच्या फीवर त्या सभांत तासभर चर्चा होते. त्यातली दहा मिनिटं या मागणीला पुरतील.